तीनाचा आठ

अनसाक्का गेल्याचा फोन तिच्या मुलीनं, रेणुकानं, सकाळी साडेसहाला केला. मी दूध तापत ठेवलं होतं. "मावशी, आई गेली. झोपेतच गेली," एवढंच बोलून ती थांबली. मी गॅस बंद केला, स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसले, आणि मनात जे पहिलं उमटलं ते दुःख नव्हतं. ती सुटका होती. आजारपणातून ती सुटली म्हणून वाटते तसली नव्हे, ती नंतर वाटली. ही माझी स्वतःची होती. तिला सगळं सांगून झालं होतं. ते सांगायचं राहून ती गेली असती तर त्या सकाळी मी कुठल्या तोंडानं तिच्या गावाच्या, बेळगुंदीच्या वाटेला लागले असते, कुणास ठाऊक. मग हळूहळू रडू आलं. पण ते मोकळं रडू होतं, आणि त्याबद्दल मी आजही तिची ऋणी आहे.

अनसूया हे तिचं कागदावरचं नाव. बेळगावच्या उद्यमबागेत, त्या कारखान्यांच्या वसाहतीत, तिला सगळेच अनसाक्का म्हणत, फौंड्रीचे मालक, टेम्पोवाले, बँकेतले साहेबसुद्धा. तिथल्या एका मोठ्या शेडमध्ये तिचा ओतकामाला लागणारे कोअर बनवण्याचा कारखाना आहे. तीसेक बायका तिथं काम करतात आणि त्यांच्या हातचे कोअर वापरून ओतलेले पंप, गिअरबॉक्स कुठल्या कुठल्या देशांत जातात. चौथी शिकलेल्या, पंचविशीच्या आत विधवा झालेल्या एका शेतकऱ्याच्या मुलीनं हे उभं केलं. ती गेल्यावर इथल्या वर्तमानपत्रांतून तिच्यावर छापून आलं. त्यात जिद्द होती, चिकाटी होती, कष्ट होते, आणि ते सगळं खरंच होतं. फक्त एक गोष्ट त्यात नव्हती, कारण ती आम्हा चौघांपलीकडे कुणाला माहीत नव्हती. शेवटच्या दिवसांत ती मला म्हणाली होती, "माझ्यावर कोनतरी लिवनारच. तू लिवलीस तर खरं लिव." म्हणून हे लिहायला बसले आहे.

चाळीसएक वर्षांपूर्वी मी उद्यमबागेतल्या पंपांच्या एका कारखान्यात ट्रेसर होते. तो कारखाना आता राहिलेला नाही. साहेबांनी पेन्सिलीनं काढलेल्या ड्रॉइंगवर पारदर्शक कागद अंथरायचा आणि रेघ न् रेघ, आकडा न् आकडा शाईनं गिरवायचा, हे ट्रेसरचं काम. त्या ट्रेसिंगवरून अमोनियाचा उग्र वास येणारे प्रिंट निघत आणि ते कारखान्यात जात. वडील टिळकवाडीतल्या शाळेत मास्तर, माझं अक्षर वळणदार, एवढ्यावर मला ती नोकरी मिळाली होती. एका दुपारी आमच्या ड्रॉइंग ऑफिसच्या खिडकीशी एक बाई येऊन उभी राहिली. पदर कमरेला खोचलेला, कोपरापर्यंत काळी वाळू.

"बाई, त्यो कागूद जरा दावतासा?"

"कशाला हवाय?"

"मी रोज शंभर कोअर करतो. ते कशाच्या पोटात जात्यात ते एकदा बघायचं हाय मला."

आमच्या बेळगुंदी-खानापूरकडच्या बायका 'मी येतो, मी करतो' असंच बोलतात, त्यामुळे ते मला नवं नव्हतं. नवा होता तो प्रश्न. कोअर म्हणजे वाळूचा गाभा. पंपाच्या भांड्यात जिथं पोकळी हवी तिथं तो साच्यात बसवायचा, भोवतीनं लोखंडाचा रस ओतायचा, आणि रस निवल्यावर गाभा फोडून काढून टाकायचा. कोअर शॉपमध्ये सात-आठ बायका होत्या. आपण दिवसभर करतो त्याचं पुढं काय होतं हे विचारायला त्यांच्यातली एकही कधी वर आली नव्हती. मी प्रिंट काढून दाखवला. तिनं बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, "म्हंजे माझं काम शेवटाला दिसतच न्हाय की गं! पोकळी तेवढी ऱ्हाती." आणि स्वतःशीच हसली.

त्यानंतर जेवणाच्या सुटीत आम्ही भेटू लागलो. ती डब्यातून भाकरी आणि हिरव्या मिरचीचा खर्डा आणायची, मी पोळी-भाजी. हळूहळू तिची हकीकत कळत गेली. बेळगुंदीची माहेरवाशीण. सतराव्या वर्षी निपाणीजवळच्या एका गावी दिली. नवरा तंबाखूच्या वखारीत पोती वाहायचा. तंबाखूच्या धुरळ्यानं त्याची छाती भरत गेली, आणि रेणुका दीड वर्षाची असताना तो गेला. सासरी पांढऱ्या पायाची म्हणून बोलणी खाल्ली, तेव्हा एक दिवस मुलीला कडेवर घेतलं आणि निपाणीच्या स्टँडवर येऊन बेळगावची बस धरली. माहेरी अण्णा, म्हणजे तिचा थोरला भाऊ, दारातच उभा होता. "ये, घर तुझंच हाय," एवढंच तो म्हणाला. पण घर त्याचं होतं, हे तिला कळत होतं. पंधरा दिवसांत ती गावातल्या एका माणसाच्या ओळखीनं उद्यमबागेत कामाला लागली.

तिला ड्रॉइंग वाचायला मी शिकवलं, असं ती पुढं सगळ्यांना सांगायची. खरं तर मी थोडंच शिकवलं. कोअर शॉपच्या मागं वाळूचा ढीग होता, त्यावर ती बोटानं रेघा ओढायची. समोरून असं दिसतं, वरून असं, मधोमध कापलं तर असं... तिसऱ्या आठवड्यात तिनं मलाच विचारलं, "हितं कापलेलं दावलंय, मग ह्या तिरक्या रेघा मागच्या बाजूला कशापाय न्हाईत?" मी पाच वर्षं त्या रेघा गिरवत होते. मला हा प्रश्न कधी पडला नव्हता.

आणि मग ते झालं. नव्या जातीच्या एका पंपाची पहिली चार भांडी ओतून आली होती. पाण्याचा दाब देऊन त्यांची चाचणी चालली होती, आणि ती करत होता मारुती नावाचा फिटर, तोही बेळगुंदीचाच, अनसाक्काच्या घरापासून चार घरांवरचा. दुसरं भांडं दाबाखाली फुटलं आणि त्याचा तुकडा मारुतीच्या गुडघ्यावर बसला. पाय वाचला, पण गुडघा कायमचा गेला. वयाच्या चोविसाव्या वर्षी त्याच्या हातात काठी आली. फुटलेला तुकडा फोरमननं हातात घेतला, भिंतीची जाडी मोजली. आठ मिलीमीटर हवी होती, साडेपाच भरली. "कोअर फुगीर केलाय. हा कुणाच्या हातचा?" तो अनसाक्काच्या हातचा होता. चारही तिच्याच हातचे होते. त्याच संध्याकाळी तिला घरी जायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात कुणी यायच्या आधी मी ते ट्रेसिंग काढलं. का काढलं, सांगता येत नाही. खाली साहेबांचं मूळ ड्रॉइंग ठेवलं आणि आकडे ताडून पाहू लागले. मूळ कागदावर पोकळीचा व्यास त्रेसष्ट होता. आकडे इंग्रजीत असत, आणि पेन्सिलीचा तीन जरा मिटल्यासारखा झाला होता. मी गिरवताना त्याचा आठ केला होता. अडुसष्ट. कोअरचा लाकडी साचा त्या अडुसष्टावरूनच बनला होता, आणि अनसाक्कानं त्या साच्यात बिनचूक कोअर केले होते. पाच मिलीमीटरनं पोकळी वाढली, दोन्ही बाजूंना अडीच-अडीचनं भिंत खाल्ली गेली. हिशेब करायला मला दोन मिनिटं लागली असतील... मग मी ड्रॉवरमधलं अर्धं ब्लेड घेतलं. ट्रेसिंगवरची शाई खरवडायला आम्ही तेच वापरत असू. आठाच्या डाव्या बाजूची वळणं हलक्या हातानं खरवडली, कागद नखानं घोटला, आणि तिथं तीन राहू दिला.

मला कुणी विचारलं नाही आणि मी कुणाला सांगितलं नाही. कंपनीनं तो पंपच बंद केला, लाकडी साचा भंगारात गेला. माझं लग्न ठरत होतं. मास्तरांच्या मुलीच्या हातून माणूस अधू झाला, हे शब्द घरात कसे उच्चारायचे, ते मला सुचत नव्हतं. ही कारणं मी अनेक वर्षं स्वतःला सांगितली. ती कारणं आहेत, बचाव नव्हे.

तिकडे बेळगुंदीत मारुतीची आई अनसाक्काच्या दारात येऊन उभी राहिली. सगळी गल्ली जमली होती. "ज्या हातानं माझ्या पोराचा पाय मोडलास, त्या हाताला कवा यश येनार न्हाय," असं ती म्हणाली. अनसाक्का उंबऱ्याच्या आत बसून ऐकत राहिली. तिनं उलट शब्द काढला नाही, कारण तिला ते खरं वाटत होतं. वाळू ठासताना आपला हात जड पडला असेल, एखादा कोअर सुकवताना फुगला असेल, असंच ती धरून चालली. हे तिनं मला पुढं बऱ्याच वर्षांनी सांगितलं, आणि मी मान खाली घालून ऐकलं.

चार-पाच महिने ती घराबाहेर पडली नाही. पण हात स्वस्थ बसेनात. अण्णाच्या गोठ्याच्या एका कोपऱ्यात तिनं वाळू आणून टाकली. वाळू बांधायला जवसाचं तेल आणि गुऱ्हाळातली काकवी, भाजायला पत्र्याचं पिंप आणि मातीची भट्टी. उद्यमबागेतल्या एका लहानशा फौंड्रीच्या मालकानं तिला चाचणीपुरते दहा कोअर करायला दिले. ते तिनं भुसकटात घालून पाटीतून बसनं नेले. गर्दीत कुणी पाटीला धक्का मारू नये म्हणून तिनं युक्ती काढली होती. कंडक्टरनं कानडीतून विचारलं, "एनव्वा, पाटीत काय?" की ही ठसक्यात सांगायची, "तत्ती!" म्हणजे अंडी. मग कंडक्टरच पुढच्या माणसांना ओरडायचा, सरका, बाईची अंडी फुटतील. वर्षभर त्या बसमधल्या लोकांना वाटत होतं की बेळगुंदीच्या कोंबड्या भलत्याच गुणाच्या आहेत.

दहाचे पन्नास झाले, पन्नासाचे पाचशे. गोठा पुरेना तेव्हा तिनं उद्यमबागेत पत्र्याची शेड भाड्यानं घेतली आणि गावातल्या दोन बायका सोबत आणल्या. एक नवऱ्यानं टाकलेली, एक बिडीकामानं बोटं वाकलेली. पुढं काकवी जाऊन रसायनं आली, भट्टी जाऊन यंत्रं आली. कानडी ती बाजारात बोलायचीच, सरकारी अर्जांसाठी ती लिहायलाही शिकली. तिचे कोअर सरस का, याचं उत्तर सगळी उद्यमबाग देत असे. अनसाक्का प्रत्येक कोअर तीनदा मोजते. एकदा मोजून तिचं समाधान व्हायचं नाही, दोनदा मोजूनही नाही. एकदा पुण्याच्या मोठ्या कंपनीचे इंजिनिअर आले होते. त्यांच्या ड्रॉइंगवर तिनं बोट ठेवलं आणि म्हणाली, "साहेब, हितला गोलवा असा ठेवलासा तर हवा कोंडंल, रसात भोकं पडत्यात." ते हसले. कोअर तसेच करून घेतले, आणि पहिल्याच खेपेला भोकं पडली. दुसऱ्या खेपेला ड्रॉइंग बदलून आलं. कोपऱ्यात कुणीतरी बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'अनसूयाबाईंच्या सूचनेनुसार'. तो कागद तिनं जपून ठेवला होता.

मी तोवर नोकरी सोडून लग्न करून टिळकवाडीतच एका शाळेत चित्रकला शिकवू लागले होते. अनसाक्कापासून मी दूर राहायचे, आणि तिला वाटायचं की संसारात गुंतलेय. एका रविवारी ती रेणुकाला घेऊन दारात आली. रेणुका दहावीत होती. "हिला डिप्लोमाला घालायची हाय. ड्रॉइंग तू शिकव. दुसऱ्या कुनाचं मला पटनार न्हाय." मी नाही म्हणू शकले नाही. पुढं दोन वर्षं दर रविवारी सकाळी रेणुका माझ्याकडं यायची. मी तिला जीव तोडून शिकवलं. आकड्यांच्या बाबतीत तर मी इतकी कडक होते की ती पोर रडकुंडीला यायची. तीन आणि आठ वेगळे काढ, उघडे काढ, पुन्हा काढ... माझ्या मनातली टोचणी त्यानं थोडी बोथट होईल असं वाटायचं. झाली नाही. रेणुका डिप्लोमा करून पुढं इंजिनिअर झाली, आईच्याच कामात आली. पेढे घेऊन अनसाक्का आली आणि माझे दोन्ही हात धरून म्हणाली, "तुझ्या हातानं माझ्या पोरीचं सोनं झालं." त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

पाचएक वर्षांपूर्वी बेळगावातल्या उद्योजकांच्या एका संस्थेनं तिचा सत्कार केला. सभागृह भरलेलं होतं, मी तिसऱ्या रांगेत होते. शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली, आणि तिला बोलायला उभं केलं. तिनं आधी अण्णाचं नाव घेतलं, मग बायकांची नावं घेतली, सगळ्यांची, एकूण एक. आणि मग म्हणाली, "तुमी मला मोठी म्हनतासा. पन माझ्या हातनं एकदा एक मानूस लंगडा झाला. त्यो माझ्या गावचाच हाय. मी परत्येक कोअर तीनदा मोजतो ते हुशारीनं न्हाय, भ्यानं मोजतो. एवढं तुमाला ठावं असावं म्हनून सांगतो." टाळ्यांचा कडकडाट झाला. लोकांना ती विनयाची गोष्ट वाटली. माझ्या शेजारची बाई डोळे पुसत होती. मी मात्र टाळी वाजवली नाही.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता मी तिच्या शेडवर गेले. ती तपासणीच्या टेबलाशी उभी होती. मी म्हटलं, "अनसाक्का, तो आठ माझा होता." तिला कळलं नाही. मग मी सगळं सांगितलं. मिटलेला तीन, अडुसष्ट, ब्लेड, सगळं. आडवळण न घेता सांगितलं. बोलायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. माझं संपल्यावर ती नळावर गेली, बराच वेळ हात धूत राहिली. परत आली आणि म्हणाली, "घरला जा तू."

"अनसाक्का, मी..."

"जा म्हनतो न्हवं."

मी गेले. त्यानंतर चौदा महिने ती माझ्याशी बोलली नाही. फोन उचलला नाही. दिवाळीला फराळ पाठवला, तो रेणुकानं ठेवून घेतला आणि हळू आवाजात सांगितलं, "मावशी, आईला थोडा वेळ द्या. तिनं मला सांगितलंय." रेणुकाच्या नजरेला नजर देणंही अवघड होतं, पण तिनं माझ्या हातावर हात ठेवला. आश्चर्य म्हणजे त्या चौदा महिन्यांत मला झोप लागू लागली होती. अनसाक्का रागावली होती आणि तो राग योग्य जागी पोचला होता. तो स्वतःवर काढत बसण्यापेक्षा तिनं माझ्यावर काढावा, हे मला बरं वाटत होतं.

एका सकाळी गाडीचा हॉर्न वाजला. फाटकाशी तिची गाडी, मागच्या सीटवर ती. काच खाली करून म्हणाली, "चप्पल घाल. बेळगुंदीला जायाचं हाय." वाटेत ती एकच वाक्य बोलली, "मला सांगितलीस, ते झालं. मारुतीला कोन सांगनार?"

मारुतीची गावात पिठाची गिरणी आहे. आई जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती. तो स्टुलावर बसला होता, काठी भिंतीला टेकवलेली, भुवयांवर पीठ. अनसाक्काला पाहून तो उठायला लागला तेव्हा ती म्हणाली, "बस. ह्या बाई काय सांगत्यात ते ऐक." मी पुन्हा सगळं सांगितलं. त्यानं गिरणी बंद केली आणि विचारलं, "तीनाचा आठ? कसा काय व्हतो?" मी डब्याच्या झाकणावर सांडलेल्या पिठात बोटानं काढून दाखवला. आधी तीन काढला, मग त्याच्या डाव्या बाजूला दोन वळणं. तो वाकून बघत राहिला. बाहेर दळण घेऊन आलेली एक बाई थबकून उभी होती...

"आयला," तो शेवटी म्हणाला. "एवढ्यानं."

मग माझ्याकडं वळून म्हणाला, "तुमी लई उशीर केलासा बाई." मी म्हटलं, हो. तो थोडा वेळ गुडघ्यावर हात फिरवत बसला. काठी घेतली, उठला, अनसाक्काच्या समोर येऊन उभा राहिला. "आक्का, आमच्या आईनं तुझ्या दारात येऊन वंगाळ बोललं व्हतं. ती आता न्हाय. तिच्या वाटचं मी परत घेतो." आणि त्यानं तिचे दोन्ही हात आपल्या पिठानं माखलेल्या हातांत धरले. पासष्टीला टेकलेली ती बाई, जिच्यापुढं फौंड्रीचे मालक जपून बोलत, ती लहान मुलीसारखी हुंदके देऊन रडली. दळणवाली बाई आत आली आणि काही न कळताच तिच्या पाठीवरून हात फिरवू लागली. मारुतीनं बायकोला हाक मारून चहा सांगितला. आम्ही तिघं तो प्यालो.

परतताना तिनं बेळगुंदीच्या बाहेर गाडी थांबवायला लावली. काजूच्या झाडांखाली आम्ही दोघी उतरलो. "चाळीस वर्सं माझ्या हातावर माझा इस्वास नव्हता गं," ती म्हणाली. मी म्हटलं, "त्याच भीतीनं तू इतकी..." तिनं मला पुरतं बोलू दिलं नाही. "ते म्हनू नको. तू चुकलीस म्हनून मी मोठी झालो, असं कुठं सांगायचं न्हाय. मी तशी पन मोठी झालो असतो. निवांत झालो असतो, एवढाच फरक." इतकं खरं माझ्याशी कुणी बोललेलं नव्हतं. मग तिनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "भूक लागलीया. चल." माझ्या घरी येऊन तिनं दोन वेळा भात मागून घेतला.

त्यानंतरची तीन वर्षं आमच्या मैत्रीतली सगळ्यात चांगली. तिनं कोअर एकदाच मोजायला सुरुवात केली आणि बायका चकित झाल्या. दुपारची डुलकी काढू लागली. रेणुका म्हणायची, आई हल्ली कामावर गाणं गुणगुणते. शेवटच्या वर्षी मूत्रपिंडांनी दगा दिला, आठवड्यातून दोनदा दवाखाना सुरू झाला, तरी तिची कुरकुर नव्हती. मारुती दोनदा बघायला आला, काठी टेकत, गिरणीवरचं ताजं नाचणीचं पीठ घेऊन. जायच्या चार दिवस आधी मी तिच्या उशाशी बसले होते. हात सुजले होते. ते उचलून तिनं स्वतःच उलटसुलट पाहिले आणि म्हणाली, "चांगलं व्हतं की गं हात." मी म्हटलं, "फार चांगले होते." ती समाधानानं डोळे मिटून पडून राहिली.

दिवसकार्य झाल्यावर पंधरवड्यानं रेणुकानं मला शेडवर बोलावलं. शेवटच्या वर्षांत अनसाक्कानं तिथं एक पद्धत घातली होती. नवं ड्रॉइंग आलं की काम सुरू होण्याआधी सगळ्या बायका लांब टेबलाभोवती उभ्या राहायच्या. एकीनं आकडा मोठ्यानं वाचायचा, दुसरीनं मूळ कागदावर बोट ठेवून तो ताडायचा, आणि पटला की टेबलाच्या टोकाकडून अनसाक्का म्हणायची, "फुडं." तिचं 'फुडं' आल्याशिवाय वाचणारीनं पुढच्या आकड्याला जायचं नाही, असा नियम. त्या सकाळी रेणुकानं कागद माझ्या हातात दिला. "मावशी, आज तुम्ही वाचा." मी चष्मा लावला. तीस बायका भोवतीनं उभ्या होत्या. मी पहिला आकडा वाचला, समोरच्या मुलीनं बोट ठेवून मान हलवली, आणि नियमाप्रमाणं मी थांबले...

शेड इतकी शांत मी कधी ऐकली नव्हती. मग मागच्या बाजूनं कुणीतरी अगदी हलक्या आवाजात म्हणालं, "फुडं."

कोण बोललं ते मी मान वळवून पाहिलं नाही. मी पुढचा आकडा वाचला.